भेदरंवालीची खोली

सुंदराबाई तायडेचं कोणाशी पटत नाही, हे कलादालनात नव्यानं लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. तिकिटाच्या खिडकीवरची नीलम सांगते, माळी सांगतो, आणि खोटं कशाला बोला, ते खरंच आहे. अमरावतीच्या कॅम्प भागात एका ट्रस्टचं हे चित्रांचं दालन आहे आणि सुंदराबाई तिथं सत्तावीस वर्षं पहारेकरी आहे. निळी साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, दाराशी लाकडी खुर्ची. चित्राला कोणी बोट लावलं की त्याचा हात धरायचा, मग तो कोणाचा का असेना. एकदा तो एका मोठ्या साहेबाच्या मेव्हण्याचा निघाला. ट्रस्टी धावत आले, पण बाई हात सोडायला तयार नाही. "पाटी वाचता येत नसन त मले सांगा," म्हणे, "मी वाचून दाखवते."

आता तुम्ही म्हणाल, अशा बाईला ठेवली कशाला? ठेवली, कारण ती सांगायची. आठवी शिकलेली बाई, रंग-रेषा असलं काही तिला ठाऊक नाही. पण चित्रातली बाई पाणी भरून आली आहे की भरायला चालली आहे, हे ती खुर्चीवरून न उठता सांगायची. "घडा पाहा तिचा. रिकामा घडा असा धरते का कोणी?" लोक परत जाऊन घडा पाहायचे. बैलांच्या चित्रापुढं शेतकरी उभे राहिले की तिच्याशी वाद घालायचे, आणि वाद घालायला कोणी मिळालं की तिचा दिवस बरा जायचा. शाळेच्या पोरांना ती आधी दटावायची, मग सांगायची. पोरं तिला भ्यायची आणि तिच्याच भोवती जमायची.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून सीमा मॅडम संचालक म्हणून आल्या. बाई वाईट नव्हत्या, उगाच कशाला नाव ठेवा. सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या, स्वतःच्या टेबलावर स्वतः फडकं मारायच्या. पण त्यांच्या डोक्यात एक शब्द घुसलेला होता, तो म्हणजे अनुभव. प्रेक्षकाला अनुभव मिळाला पाहिजे. नुसतं चित्र भिंतीवर टांगून अनुभव मिळत नाही, असं त्या म्हणायच्या. सुंदराबाई नीलमला म्हणाली, "मंग एवढे दिवस लोक इथं काय हवा खायले येत होते?"

मग पुण्याची एक कंपनी आली. लॅपटॉपवाली पोरं महिनाभर दालनात वायरी ओढत फिरली. प्रत्येक चित्राखाली चौकोनी ठिपक्यांची चिठ्ठी लागली. मोबाईल तिच्यापुढं धरला की कानातल्या यंत्रातून एक बाई बोलायची, मधात बुडवून काढलेल्या आवाजात. घडेवालीपुढं ती सांगायची, 'प्रतीक्षेत हरवलेली ही ग्रामीण स्त्री'. सुंदराबाईनं ते एकदा ऐकलं आणि यंत्र काढून पेटीत ठेवलं. हरवली कुठं? विहिरीवरून घरी तर चालली आहे. पण आता सुंदराबाईला विचारणारं कोणी उरलं नव्हतं. तिचं काम काय, तर कानातली यंत्रं द्यायची आणि जाताना मोजून परत घ्यायची. लोक कान झाकून तिच्यासमोरून जायचे, आणि ती खुर्चीवर बसून त्यांच्या पाठीकडं पाहायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिनं सोसलं असतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, मुलगी दीक्षा अकोल्याला शाळेत शिकवते, तिच्याकडं जाऊन राहायचं हे ठरलेलंच होतं. पण मग त्यांनी तीन नंबरच्या खोलीला हात घातला.

तीन नंबरच्या खोलीत एकच चित्र होतं. नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत किसनराव नावाचे चित्रकलेचे मास्तर होते, त्यांनी अठ्ठ्याहत्तर साली काढलेलं. बाजारात बसलेली एक बाई, पुढ्यात भेदरांची टोपली. भेदरं म्हणजे आपले टमाटर, वऱ्हाडात जुनी माणसं भेदरंच म्हणतात. मास्तर गेल्यावर त्यांची सगळी चित्रं आणि त्यांच्या हातची नोंदवही ट्रस्टकडं आली. चित्रातली बाई कोण, हे कोणाला माहीत नव्हतं. एकट्या सुंदराबाईला माहीत होतं, कारण ती तिची माय होती, जाईबाई.

सत्तावीस वर्षांत तिनं हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोक चित्राकडं पाहायचं सोडून आपल्या तोंडाकडं पाहत बसतील, आणि मायच्या वाट्याचं पाहणं आपण का घ्यावं, असा तिचा हिशेब. ती खोली मात्र ती झाडूवाल्याला झाडू देत नसे. सकाळी स्वतः दार उघडायची, स्वतः झाडायची, चौकट पुसायची. जाईबाईला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि घरी तिचा एकही फोटो नव्हता. लग्नातला एक होता, तो पुराच्या पाण्यात गेला. मायचं तोंड पाहायचं तर या खोलीत यावं लागे.

चित्रात जाईबाईचे डोळे मोठे झालेले आहेत. ते का झाले, हे सुंदराबाईइतकं कोणाला ठाऊक असणार? ती तेव्हा दहा वर्षांची, मायजवळच बसलेली होती. बाजाराच्या ठेकेदाराचा माणूस आला होता. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरची ही बाई भर बाजारात ओळीत बसते, याचा काही लोकांना त्रास होत होता. तो म्हणाला, उठ, तिकडं नालीच्या कडेला बस. जाईबाई उठली नाही. त्यानं टोपलीला लाथ मारली, भेदरं रस्त्यावर गेली. जाईबाईनं एकेक भेदर गोळा केलं, टोपली होती त्याच जागी ठेवली, आणि त्या माणसावर डोळे वटारून बसली. बोलली एक शब्द नाही. तो अर्धा घंटा समोर उभा राहिला आणि मग निघून गेला. किसनराव मास्तर पलीकडच्या चहाच्या टपरीवर बसले होते, त्यांनी तेच डोळे काढले. त्यानंतर बावीस वर्षं जाईबाई त्याच जागी बसली, आणि तिला पुन्हा कोणी उठ म्हटलं नाही.

तर ती खोली दोन महिने बंद ठेवली. मूळ चित्र ट्रस्टच्या अकोल्याच्या गोदामात गेलं, तिथं थंड हवेची सोय आहे म्हणे. खोलीला आतून काळा रंग दिला. मग एके दिवशी सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावून नवी खोली दाखवली. समोरची अख्खी भिंत म्हणजे पडदा, आणि पडद्यावर जाईबाईचं तोंड. नुसतं तोंड, दहा फूट उंच. टोपली नाही, बाजार नाही, भोवती सगळा अंधार. छताच्या कोपऱ्यातून ढोल वाजावा तसे काळजाचे ठोके ऐकू येत होते. आणि तोच मधाळ आवाज म्हणाला, "भेदरलेली. चित्रकार, किसनराव. शतकानुशतकांचं भय या डोळ्यांत साठलेलं आहे."

सुंदराबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

कंपनीचा शुभम नावाचा पोरगा, सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, हसत पुढं झाला. फरशीवर उजेडाचं एक वर्तुळ पडलेलं होतं, त्यात त्यानं पाय ठेवला. वर कॅमेरा होता. जाईबाईनं त्याला पाहिलं. तिच्या पापण्या थरथरल्या, हनुवटी छातीत गेली, डोळे मिटले, आणि ती मागं सरली. अंधारात मागं मागं सरत गेली, मार चुकवणाऱ्या माणसासारखी. शुभम बाहेर आला की ती हळूच पुढं यायची, परत कोणी वर्तुळात गेलं की परत मागं सरायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नीलमच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

सुंदराबाई बाहेर आली आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिली. ज्या बाईला ठेकेदाराचा माणूस एक इंच हलवू शकला नाही, तिला या लोकांनी आल्यागेल्यापुढं माघार घ्यायला लावलं होतं. आणि हे पाहायला दाराशी खुर्ची टाकून दिवसभर बसायचं कोणी? तिनंच. पहिल्या आठवड्यात तेराशे माणसं येऊन गेली. जाईबाई तेराशे वेळा मागं सरली. कॉलेजची पोरं तर खेळ करायची, वर्तुळात उडी मारायची, बाहेर यायची, पुन्हा उडी. "डरली, डरली," म्हणून हसायची. एकाला सुंदराबाईनं बखोट धरून बाहेर काढलं, तर तक्रार तिच्यावरच आली.

ती सीमा मॅडमच्या खोलीत गेली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, तीन नंबरच्या चित्राचं नाव चुकलं हाये. भेदरलेली नाही ते. भेदरंवाली हाये."

मॅडमना कळेना. "म्हणजे?"

"भेदरं. टमाटर. ते बाई टमाटर इकून राहिली."

"सुंदराबाई, मास्तरांच्या नोंदवहीत तसं आहे हो. आम्ही सगळी जुनी वही संगणकाकडून वाचून घेतली. एकेक अक्षर."

"संगणकानं वाचली. तुमी वाचली का?"

मॅडमनी वाचली नव्हती. पण संचालक बाई, पहारेकरणीपुढं एवढ्या लवकर कशी नमणार? म्हणाल्या, चित्राच्या मागे किसनरावांच्या हातचं काही लिहिलेलं असलं आणि ते वेगळं असलं, तर बघू. सुंदराबाईनं दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि अकोल्याची एसटी धरली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, ती सगळा रस्ता शेजारणीशी खिडकीवरून भांडत गेली. भांडण नसतं तर रडली असती.

गोदामाचा श्याम ओळखीचा होता, त्यानं चित्र काढून दिलं. कापड सोडवलं आणि सुंदराबाई त्या थंडगार खोलीत उभी राहिली. माय होती तशी होती. पुढं टोपली, टोपलीत लालभडक भेदरं, त्यातली दोन-तीन ठेचलेली, मास्तरांनी तेही सोडलं नव्हतं. आणि टोपलीच्या कडेवर डावीकडून आलेली चार छोटी बोटं. ती तिचीच होती, दहा वर्षांच्या सुंदराची. पुण्याच्या लोकांनी टोपली कापली तेव्हा ती बोटंही कापली गेली होती. तिनं श्यामला चित्र पलटायला लावलं. मागच्या लाकडी पट्टीवर शाईनं लिहिलेलं होतं, भेदरंवाली, नांदगाव बाजार. मास्तरांचं अक्षर गिचमिड, टिंब पुसट, 'व' 'ल'सारखा आणि त्याचा काना वर चढून मात्रेसारखा झालेला. वहीतही तसंच लिहिलेलं असणार, आणि यंत्राला तिथं 'ले' दिसलं. एका काडीनं बाईचं सगळं जिणं पालटलं होतं. सुंदराबाईनं मोबाईलवर चार फोटो काढले.

फोटो पाहून सीमा मॅडम ओशाळल्या. हे मानलं पाहिजे, त्यांनी चूक कबूल केली. दोन दिवसांत पाटी बदलली, आवाज बदलला. आता मधाळ बाई म्हणू लागली, "भेदरंवाली. वऱ्हाडी बोलीत टोमॅटो विकणारी." पण पुढचं वाक्य तेच होतं, भयाचं. आणि पडद्यावरची माय तशीच मागं सरत होती.

सुंदराबाई परत गेली. "हालचाल काहून नाही बदलली?"

"ते एवढं सोपं नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळं नव्यानं बनवावं लागेल. आणि खरं सांगू का, लोकांना ती खोलीच सर्वांत जास्त आवडते. बाहेरच्या अभिप्रायाच्या यंत्रावर बघा, शंभरातले नव्वद लोक हसरं तोंड दाबतात. चित्राचा अर्थ शेवटी पाहणाऱ्यानं लावायचा असतो, सुंदराबाई. त्या डोळ्यांत भय दिसतंच ना?"

"भय नाही ते. डोळे वटारले हायेत तिनं."

"हे तुम्ही कशावरून म्हणता?"

आता मात्र तिचा नाइलाज झाला. सत्तावीस वर्षं जे पोटात ठेवलं ते तिनं टेबलावर टाकलं. "कारण ते माही माय हाये. अन् मी तिच्याजवळ बसून होती."

सीमा मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. सुंदराबाईला वाटलं, समजलं बाईला. पण मॅडम म्हणाल्या, "अहो, हे आधी का नाही सांगितलंत? किती सुंदर आहे हे. आपण तुमची मुलाखत रेकॉर्ड करू. तुमचा आवाज घालू त्या खोलीत. आई आणि मुलगी. लोक रडतील."

"अन् माय?"

"आई तशीच राहील ना."

"मागं सरत?"

मॅडमनी समोरचे कागद सरळ केले. सुंदराबाई म्हणाली, "माह्या मायले तुमी भेकड केलं, अन् आता मले तिच्या बाजूले उभं करून लोकायले रडवता. लाज कशी नाही वाटत?" आणि दार आपटून निघून गेली. सत्तावीस वर्षांत तिनं त्या खोलीचं दार आपटलं नव्हतं. नीलम म्हणते, तेव्हाच समजलं की आता काही बरं होणार नाही.

त्याच दुपारी मागच्या ओट्यावर डबा उघडून बसली असता तिला खांबाआड कोणीतरी फोनवर बोलताना ऐकू आलं. "नाही वं माय, दिवाईले नाही जमत. दादा इकडं येऊन राहिला न, त्याच्या हाती भेदराची चटणी पाठवजो. इथं तशी भेटत नाही." आवाज ओळखीचा वाटला, पण बोलणं नाही. ती वाकून पाहते तर शुभम. दालनात 'अहो, बघा ना' करत फिरणारा, पुण्याहून आलेला शुभम.

तिनं डबा बाजूला ठेवला आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "कुठचा तू?"

त्यानं फोन खिशात टाकला. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. "अचलपूरचा, मावशी."

"तुले मालूम होतं."

तो इकडंतिकडं पाहू लागला.

"म्या काय इचारलं? भेदरं म्हंजे काय, तुले मालूम होतं का नाही?"

"होतं," तो म्हणाला. "चित्रात टोपली पाह्यली तवाच समजलं. पण तवापर्यंत मॅडमनं त्या नावावर सारी खोली बांधून टाकली होती. बैठकीत सारे भय, भय करून राहिले होते. मी एकटा उठून कसं सांगू की हे टमाटर हायेत? हसले असते मले. पयलेच माह्या बोलण्याले हसतात तिथं. मी तीन वर्षांपासून टोमॅटो म्हणतो, मावशी."

मुस्काटात द्यावी असा सुंदराबाईचा हात वर आला होता, तो तिनं आवरला. यंत्राला वाचता आलं नाही, ते समजू शकतं, यंत्राला माय नाही. मॅडम पुण्याच्या, त्यांना शब्द ठाऊक नाही, तेही समजू शकतं. पण हा चटणी खाऊन वाढलेला, आणि यानं बैठकीतल्या चार लोकांच्या हसण्यापायी मूग गिळले. "तू सगळ्याईत हलकट," ती म्हणाली. "ते त येडे होते. तू जाणून होता."

शुभमनं मान खाली घातली. निघून गेला असता तर बरं, पण गेला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "एक गोष्ट हाये. ते कोणाले मालूम नाही. त्या गोलात कोणी एक मिनिट बिलकुल न हलता उभं राह्यलं, तर ते परत समोर येते. डोळे उघडते. मंग पूर्ण चित्र येते, जसंच्या तसं, टोपल्यासकट. म्या टाकलं ते, कोणाले न इचारता. पण लोक मिनिटभर थांबतच नाहीत."

"अन् हललं त?"

"परत मांगं जाते."

सुंदराबाईनं डबा तसाच बांधला आणि खुर्चीवर जाऊन बसली.

दुसरा दिवस शनिवारचा, गर्दीचा. दहा वाजता तिनं दालन उघडलं, तीन नंबरच्या खोलीत गेली, आणि वर्तुळाच्या पुढं लोकांना अडवायची लाल दोरी बांधली. मग दोरीच्या आतून वर्तुळाकडं आली. एवढ्या दिवसांत तिनं त्या उजेडात पाय ठेवला नव्हता. बाहेर पहिल्या लोकांचे पाय वाजू लागले, तेव्हा ती आत शिरली.

जाईबाईनं तिला पाहिलं. पापण्या थरथरल्या. आणि माय मागं सरली, तिच्यापासून, पोटच्या पोरीपासून मागं सरली, हनुवटी छातीत खुपसून, डोळे मिटून. सुंदराबाईला ठाऊक होतं की हे होणार. यंत्र आहे, त्याला काय कळतं, हे तिनं रात्रभर स्वतःला समजावलेलं होतं. तरी बाहेर पळावं असं वाटलं. पण पळाली तर हललीच की. ती दात दाबून उभी राहिली आणि मनात आकडे मोजू लागली. साठच्या पुढं गेली, सत्तर झाले, आणि अंधारातून माय पुढं आली. डोळे उघडले. ढोल थांबला. मग हळूहळू खांदे आले, हात आले, टोपली आली, ठेचलेली भेदरं आली, आणि कडेवरची चार बोटं आली. नांदगावचा बाजार भिंतीभर उभा राहिला.

लोक आत आले ते दोरीपाशी थांबले. काहींनी सरका म्हटलं, काहींनी पहारेकरीण पुतळ्यासारखी का उभी म्हणून फोटो काढले. पण नंतर आलेल्यांना वाटलं, हे असंच असतं. ते भिंतीकडं पाहू लागले. लुगडं नेसलेली एक म्हातारी कानातलं यंत्र काढून म्हणाली, "कोणावर डोळे वटारून राहिली वं हे बाई?"

सांगावं असं सुंदराबाईच्या ओठांवर आलं. सत्तावीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पण ओठ हलले असते तर माय गेली असती. म्हातारी उत्तराची वाट पाहून पुढं गेली, आणि सुंदराबाईला तिच्या पाठीकडंही पाहता आलं नाही.

अकरा वाजले, बारा वाजले. टोंगळे, म्हणजे गुडघे, पेटले होते, कमरेत उसण भरली होती. घाम डोळ्यात गेला तो पुसता येईना. कोणीतरी तक्रार केली असावी. साडेबारा वाजता सीमा मॅडम आल्या, मागून शुभम.

"सुंदराबाई, बाजूला व्हा."

ती हलली नाही.

"ही बेशिस्त आहे. मला लेखी अहवाल द्यावा लागेल, पाच महिन्यांवर निवृत्ती आली आहे तुमची. ऐकू येतंय ना?"

दोरी ओलांडायला मॅडमनी पाय उचलला, तसा शुभम आडवा आला. आणि एवढ्या लोकांपुढं, मॅडमपुढं, त्याच्या तोंडून घरचं बोलणं निघालं. "अंदर नका जाऊ, मॅडम. तुमी गेल्या त ते मांगं सरन."

मॅडम त्याच्याकडं पाहतच राहिल्या. मग भिंतीकडं पाहिलं. मूळ चित्र त्यांनी कधीच एवढं मोठं पाहिलं नव्हतं, आणि खरं तर नीट पाहिलंच नव्हतं. थोडा वेळ त्या पाहत राहिल्या. पण मागं वीस-पंचवीस माणसं उभी होती, तिकीट काढून आलेली, आणि संचालकांना काहीतरी करणं भाग होतं.

"असं दिवसभर उभं राहता येणार आहे का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "उद्या? परवा? तुम्ही हटत नसाल तर मला ही खोली बंद करावी लागेल. वीज घालवली की समोर काळी भिंत राहील. मूळ चित्र इथं परत आणायला वर्ष जाईल. तोवर तुमची आई इथं दिसणारच नाही, कोणालाच नाही, तुम्हालाही नाही. तेच हवं आहे का?"

सुंदराबाई मायच्या डोळ्यांकडं पाहत होती. अकरा वर्षांत एवढा वेळ सलग तिनं मायला पाहिलं नव्हतं. उत्तर द्यायचं तर बोलावं लागणार होतं, आणि बोललं की काय होतं हे ठाऊक होतं.

"दिसली नाही त चालते," ती म्हणाली. "भेलेली नाही पाह्यजे."

तिचे ओठ हलले, तशा भिंतीवर जाईबाईच्या पापण्या थरथरल्या. हनुवटी खाली येऊ लागली. सुंदराबाईनं मान न वळवता हाक मारली, "शुभम." शुभम तोवर भिंतीच्या खटक्यापाशी पोचला होता. त्यानं मॅडमकडं पाहिलं नाही. डोळे मिटायच्या आत खटका पडला, आणि भिंत काळी झाली.

दारातून येणाऱ्या उजेडात माणसं एकमेकांची तोंडं पाहू लागली. सुंदराबाई वाकली, दोन्ही टोंगळे हातांनी धरून थोडा वेळ तशीच राहिली, मग दोरी सोडून बाहेर आली. एक माणूस म्हणाला, "आम्ही तिकीट काढून आलो होतो, बाई."

"मंग पाहून घ्या," सुंदराबाई काळ्या भिंतीकडं बोट करून म्हणाली आणि दाराशी खुर्चीवर जाऊन बसली.